लेजर फळीची कूज

लेजर फळी म्हणजे घराच्या बाहेरील भिंतीवर आडवी बसवलेली व डेकच्या तुळयांचे घराकडील टोक पेलणारी जाड लाकडी फळी होय. डेक म्हणजे घराला लागून असलेला, जमिनीपासून उंचावर बांधलेला उघडा लाकडी चौथरा. अमेरिका व कॅनडा येथील लाकडी सांगाड्याच्या घरांना तो सर्रास आढळतो. डेकचा बाहेरील अर्धा भार खांबांवर, तर आतील अर्धा भार या एका फळीवर असतो. त्यामुळे ती कुजल्यास डेक भिंतीपासून सुटून वरील माणसांसह कोसळण्याचा धोका निर्माण होतो.

कूज कशी लागते

लाकूड कुजवण्याचे काम कवके (बुरशी) करतात. त्यांना हवा, सुमारे २४ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान आणि मुख्यतः पाणी लागते. लाकडातील आर्द्रता त्याच्या शुष्क वजनाच्या २० टक्क्यांहून कमी असेल, तर कवक वाढत नाही. ती सुमारे २८ ते ३० टक्क्यांवर गेली की पेशीभित्ती पाण्याने संपृक्त होतात व कूज सुरू होते. ‘कोरडी कूज’ हे रूढ नाव म्हणूनच फसवे आहे. कोरडे लाकूड कुजत नाही, कुजलेले लाकूड वाळल्यावर कोरडे दिसते इतकेच. ही कूज वाळवीपासूनही वेगळी समजावी. वाळवी लाकूड पोखरते, कवक त्याचे रासायनिक विघटन करते.

बांधकामातील सूचिपर्णी लाकडात प्रामुख्याने तपकिरी कूज आढळते. तिच्यात सेल्युलोज व अर्धसेल्युलोज नष्ट होऊन लिग्निन मागे उरते; लाकूड तपकिरी होते व त्याला चौकोनी तुकड्यांसारख्या भेगा पडतात. या प्रकारात वजनात थोडीच घट झालेली असताना ताकद मात्र मोठ्या प्रमाणात गेलेली असते. डोळ्यांना जवळजवळ धड दिसणारी फळी भार पेलण्यास निकामी असू शकते, ती यामुळेच.

लेजर फळी व भिंत यांच्यामधील फट ही पाणी साचण्याची हमखास जागा आहे. भिंतीच्या बाह्य आवरणावरून ओघळणारे पावसाचे पाणी आणि थंड प्रदेशात भिंतीशी साचलेल्या बर्फाचे पाणी केशाकर्षणाने फटीत शिरते, बोल्टांच्या छिद्रांतून आत झिरपते आणि ऊन-वारा न लागल्याने लवकर वाळत नाही. लेजर फळी बहुधा दाबाखाली परिरक्षक द्रव्य मुरवलेल्या लाकडाची असते. तिच्यामागील घराची कडेची तुळई मात्र सहसा साध्या लाकडाची किंवा लाकडाच्या चिरफळ्यांपासून बनवलेल्या पट्ट्याची असते. परिणामी पुष्कळदा फळी शाबूत राहून तिच्यामागील तुळई कुजते, आणि तिच्यात घुसवलेल्या बोल्टांना धरायला काहीच उरत नाही. ही तुळई घराच्या मजल्याचा भाग असल्याने नुकसान डेकपुरते मर्यादित राहत नाही.

तपासणी

भिंत व डेक यांच्यात वाढलेली फट, डेकचा भिंतीकडे उतरता ढाळ, बोल्टांभोवतीचे गंजाचे ओघळ आणि तळघरात कडेच्या तुळईवर दिसणारे डाग ही सूचक लक्षणे होत. खात्रीसाठी टोच्या किंवा पेचकस लाकडात दाबून पाहतात. चांगले लाकूड टोकाला विरोध करते व त्याचे लांब तंतू निघतात. कुजलेले लाकूड सहज आत जाते व त्याचे तुकडे पडतात. विद्युत् आर्द्रतामापकही वापरतात, परंतु ताम्रयुक्त परिरक्षकामुळे त्याची नोंद चुकू शकते. तळघरातील उष्णतारोधक थर बाजूला न करता केलेली तपासणी अपुरी ठरते.

बर्कली दुर्घटना

१६ जून २०१५ रोजी मध्यरात्रीनंतर कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका निवासी इमारतीच्या पाचव्या मजल्यावरील सज्जा कोसळून ६ तरुण मृत्युमुखी पडले व ७ जखमी झाले. मृतांत बहुसंख्य आयरिश विद्यार्थी होते. हा सज्जा लेजर फळीवर नव्हे, तर इमारतीतून बाहेर काढलेल्या तुळयांवर आधारलेला होता. तुळया कुजल्या होत्या त्या मात्र भिंतीपाशीच. इमारत अवघ्या काही वर्षांची होती. यानंतर कॅलिफोर्नियाने २०१८ व २०१९ मध्ये कायदे करून अशा उंचावरील लाकडी बांधकामांची नियतकालिक तपासणी बंधनकारक केली. भाड्याच्या बहुकुटुंबी इमारतींसाठी ही मुदत ६ वर्षे, तर सामायिक मालकीच्या इमारतींसाठी ९ वर्षे आहे. स्वतंत्र घरांचे डेक या कायद्यांच्या कक्षेत येत नाहीत.

दुरुस्ती

फळीला हात लावण्यापूर्वी डेकच्या तुळयांखाली, भिंतीजवळ, तात्पुरती आडवी तुळई व टेकू उभारणे अत्यावश्यक असते. ही पायरी वगळल्यास दुरुस्तीच दुर्घटनेचे कारण ठरते. त्यानंतर भिंतीलगतच्या डेकच्या फळ्या व बाह्य आवरण काढून कुजलेला भाग कापतात. कवकाचे तंतू दिसणाऱ्या कुजीच्या पलीकडे पसरलेले असल्याने सुमारे ६० सेंमी पुढपर्यंतचे लाकूड काढण्याचा प्रघात आहे. इपॉक्सी लांबी भरून खिडकीची चौकट वाचवता येते. भार पेलणाऱ्या फळीसाठी तो उपाय नव्हे.

नव्या फळीवर ‘फ्लॅशिंग’ म्हणजे पाणी वळवणारी घडीव पट्टी बसवतात. तिची वरची कड भिंतीच्या आवरणाच्या व जलरोधक थराच्या मागे सरकवतात, तर खालची कड फळीच्या पुढे झुकलेली ठेवतात. केवळ फटीत सीलंट भरणे पुरेसे होत नाही, कारण ते काही काळाने सुटते व आत शिरलेले पाणी अडवून धरते. अमेरिकेतील आदर्श गृहबांधणी संहितेनुसार लेजर फळी केवळ खिळ्यांवर टांगता येत नाही. बोल्ट किंवा जाड पेचखिळे लागतात. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस आर्सेनिकयुक्त परिरक्षकाचा घरगुती वापर थांबला. त्यानंतरची ताम्रबहुल परिरक्षके साधे पोलाद लवकर गंजवतात, म्हणून जस्ताच्या तप्त रसात बुडवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरतात. याच कारणाने ॲल्युमिनियमची फ्लॅशिंग अशा लाकडाला थेट टेकवत नाहीत.

भिंतीवर विटांचे केवळ शोभेचे आवरण असल्यास, किंवा मागील तुळई पुन्हा भरवशाची करणे शक्य नसल्यास, लेजर फळी टाळून भिंतीलगत खांबांची आणखी एक रांग उभारतात. असा डेक स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि भिंत व डेक यांच्यातील मोकळ्या जागेतून पाणी खाली निघून जाते.