संगणकाच्या आज्ञावलीची पारख



ऊसनोंद, तोडचिठ्ठी, काट्यावरची वजनपावती, बिल, सारे आता संगणकावर होते. परवा उमरखेडकडचे एक सभासद गट कार्यालयात म्हणाले, "साहेब, काँप्युटर चुकते का कधी?" आम्ही म्हणालो, यंत्र सहसा चुकत नाही. पण त्याला काम सांगणारी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, माणूसच लिहितो. म्हणून ती वापरण्यापूर्वी तिची पारख व्हावी लागते.

आपल्या आठवणीतलेच उदाहरण घ्या. राज्य शासनाने जून 2017 मध्ये कर्जमाफी जाहीर केली. अर्ज ऑनलाइन भरून घेतले आणि 18 ऑक्टोबर 2017 रोजी, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटली. मागाहून एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे निघाली. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि पात्र शेतकरी ताटकळला.

यातली मेख पाहा. आधारचे आकडे 12. शेवटचा आकडा आधीच्या 11 वरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे भरताना एखादा आकडा चुकला तर संगणकाला ते ओळखता येते. पण क्रमांक बरोबर आणि माणूस दुसराच, हे त्या गणिताला कळत नाही. त्यासाठी "हा क्रमांक आधी आला आहे काय?" ही निराळी तपासणी हवी. ती चालते की नाही, हे मुद्दाम दुबार अर्ज भरून पाहावे लागते. नुसता बिनचूक अर्ज भरून "चालते बुवा" म्हणणे म्हणजे हिरवे वाढे पाहून उतारा सांगणे होय.

चाचणी ही झाली अर्धी बाजू. उसात ब्रिक्स पाहणे ही चाचणी. पण बेणेच रोगट असेल तर ब्रिक्स पाहून काय करणार? निरोगी बेणेमळा, बेणेप्रक्रिया, ही हमी. आज्ञावलीतही तसेच. काय व्हायला हवे ते आधी कागदावर लिहावे, एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासावे, आणि एक चूक दुरुस्त केली की जुन्या साऱ्या तपासण्या पुन्हा कराव्यात, कारण दुरुस्तीत दुसरेच काही मोडते.

"शेजारच्या कारखान्यात चालते, आपणही घेऊ," असेही काहीजण म्हणतात. युरोपच्या एरियान-5 रॉकेटात आधीच्या एरियान-4 ची आज्ञावली घेतली होती. नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गासाठी ती तपासलीच नव्हती. 4 जून 1996 रोजी पहिल्याच उड्डाणात, मिनिटभराच्या आत, रॉकेट नष्ट झाले. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे दोन-दोन सभासद आहेत, एका गटात भावाभावांच्या नोंदी आहेत. आज्ञावली आपल्या याद्यांवरच तपासली पाहिजे, असे आमचे मत आहे. नवी आज्ञावली बसली की काही दिवस जुने रजिस्टरही सोबत चालवावे आणि रोज संध्याकाळी दोन्ही ताळून पाहावे. लिपिकांना त्रास होईल, तो होऊ द्यावा.

तुम्हाला चूक दिसली तर "बिल चुकले" एवढेच सांगू नका. त्यावरून चूक सापडत नाही. पावती क्रमांक, तारीख, वाहन क्रमांक, काय छापले आणि काय हवे होते, हे लिहून गट कार्यालयात द्या. बिल हाती येईपर्यंत वजनपावती फाडू नका.