दामदुपटीचे गणित

‘जालना, सोने का पालना’ ही मराठवाड्यातील जुनी म्हण. धान्य, कापूस आणि मोसंबी यांच्या व्यापाराने ती रुजविली; बियाण्यांच्या आणि लोखंडी सळयांच्या कारखानदारीने ती पुढे चालविली. परंतु हा पाळणा बाजारपेठेचा आहे. ज्यांच्या मालावर ती बाजारपेठ उभी राहिली, त्यांच्या घरात सोने क्वचितच टिकले. अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदन येथील शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो एकदम येतो आणि जातोही एकदम. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. बाग हीच ज्याची ठेव होती, त्याची ठेव उभ्या उभ्या सरपण झाली. पुढे चार-पाच वर्षांतच समृद्धी महामार्गासाठी जालना व बदनापूर तालुक्यांतील जमिनी घेतल्या गेल्या. लाखाचा आकडा ज्या घरांनी एरवी कर्जाच्या नोटिशीतच पाहिला असेल, अशा घरांच्याही खात्यांवर मोबदल्याच्या मोठ्या रकमा जमा झाल्या. गेलेली जमीन परत येत नाही. तेव्हा तिच्या बदल्यात आलेला पैसा कोठे ठेवावा, हा प्रश्न अशा घरापुरता तरी केवळ हिशेबाचा नसून उद्याच्या भाकरीचा असतो.

या प्रश्नाला तालुक्याच्या गावी मिळणारे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे पतसंस्था. बीड येथे मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेने असेच उत्तर मराठवाडाभर दिले. तिचे ठेवीदार जालना जिल्ह्यातही होते. ठेवीवर १२ ते १४ टक्के व्याज देण्याचे आश्वासन होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये संस्थापकांच्या उद्योगसमूहावर प्राप्तिकर खात्याचे छापे पडले, ठेवी काढून घेण्यासाठी रांगा लागल्या आणि पैसे मिळेनासे झाले. जून २०२४ मध्ये संस्थापकांना अटक झाली. ठेवीदारांच्या पैशातून सुमारे २,३०० कोटी रुपये याच समूहाच्या कंपन्यांकडे पुरेशा तारणाविना वळविले गेले, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. परंतु निवृत्त शिक्षकाची भविष्यनिर्वाहाची रक्कम किंवा मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवलेला पैसा न्यायालयाच्या तारखांची वाट पाहत थांबू शकत नाही.

अशा वेळी शहरातील शहाणी माणसे एकच निदान करतात : लोकांना हाव सुटली होती. हे निदान सोपे आहे, पण न्याय्य नाही. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या ठेवीदाराची व्याजाविषयीची समजूत कोणत्या काळात घडली, हे प्रथम पाहिले पाहिजे. १९८८ मध्ये सरकारने किसान विकास पत्र काढले, तेव्हा त्यात गुंतविलेली रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. पोस्टाच्या खिडकीवर, सरकारी शिक्क्यानिशी, दामदुप्पट मिळत होती. एप्रिल २०२३ च्या दरांनुसार त्याच पत्रातील रक्कम दुप्पट होण्यास ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. मधल्या काळात देशातील व्याजाचे दर उतरले. माणसाच्या मनातील साडेपाच वर्षे मात्र तशीच राहिली. तेरा टक्क्यांनी पैसा सुमारे साडेपाच वर्षांतच दुप्पट होतो. पतसंस्थेच्या फलकावरचा आकडा अशा ठेवीदाराला आमिष वाटला नाही, ओळखीचा वाटला. सरकारने दर वेळोवेळी कमी केले, परंतु जुना दर आता कोणालाही प्रामाणिकपणे परवडण्यासारखा का उरला नाही, हे गावात जाऊन सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही.

‘दामदुप्पट’ या शब्दाचे प्राक्तनही विचित्र आहे. धर्मशास्त्रात हा नियम ऋणकोच्या रक्षणासाठी होता : एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. सावकाराच्या लोभाला घातलेले ते कुंपण होते. आज तोच शब्द ठेवीदाराला कुंपणाबाहेर बोलावण्यासाठी वापरला जातो.

आता तेरा टक्क्यांचा हिशेब मांडून पाहू. एक लाख रुपये बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सात हजार मिळतात. पतसंस्थेत तेरा हजार. अधिकचे सहा हजार ही त्या संस्थेची मेहेरबानी नसून मुद्दल बुडण्याचा धोका पत्करल्याचा तो मोबदला आहे. मुद्दल बुडालेच तर ते या सहा-सहा हजारांतून भरून निघण्यास सतरा वर्षे लागतील. आणि संस्था सात-आठ वर्षांत कोसळली, तर त्यातील निम्मेही हाती लागलेले नसते. शिवाय जी संस्था ठेवीवर तेरा टक्के देते, तिने कर्ज सोळा-सतरा टक्क्यांनी दिल्याखेरीज तिचा खर्च भागत नाही. धड धंदा असलेला कर्जदार त्या दराने तिच्या दारी का जाईल, हा प्रश्न ठेवीची पावती हाती घेण्यापूर्वी विचारण्याजोगा आहे.

बँक आणि पतसंस्था यांतील खरा भेद व्याजात नाहीच. तो विम्यात आहे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतील सर्व शाखांच्या ठेवी मिळून, व्याजासह, पाच लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते. ही मर्यादा १९९३ पासून एक लाख होती; ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. नागरी सहकारी बँकांनाही हे संरक्षण आहे. पतसंस्थेला, मग ती राज्यातील असो वा मल्टिस्टेट, ते नाही. ‘मल्टिस्टेट’ या शब्दाने सामान्य माणसाला संस्था मोठी, म्हणून भक्कम, असे वाटते. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच की तिची नोंदणी २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली झाली असून तिच्यावर देखरेख ठेवणारा निबंधक दिल्लीत बसतो. अंबडच्या ठेवीदाराला तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कचेरीत जाऊन जाब विचारण्याची जी थोडीफार सोय होती, तीही या मोठेपणाने काढून घेतली.

म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत गुंतवणूक बाजाराच्या जोखमीच्या अधीन असल्याची सूचना द्यावीच लागते. घाईघाईने का होईना, ती दिली जाते. मग पतसंस्थेच्या दारावर, व्याजदराइतक्याच ठळक अक्षरांत, ‘येथील ठेवींना विमा नाही’ असा फलक का नसावा? त्याला ना आयोग नेमावा लागतो, ना निधी. सरकारने हे एवढे केले असते, तर अनेक पावत्या फाटण्यापूर्वीच वाचल्या असत्या.

तरीही सारा दोष फलकाचा नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत धोतरातल्या माणसाला ‘साहेब जेवायला गेले आहेत, उद्या या’ असे ऐकावे लागते. पतसंस्थेचा प्रतिनिधी ‘काका, चहा घेता का?’ म्हणून ओसरीवर येतो. दारी जाऊन रोज दोन आणे गोळा करणारी पिग्मी ठेव सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये उडुपीला सुरू केली होती. सामान्य माणसाच्या दारापर्यंत जाण्याची ती रीत बँकांनीच शिकविली, आणि बहुतेक बँकांनीच ती सोडली. मोकळ्या झालेल्या त्या ओसरीवर दुसरे कोणी येऊन बसले, यात नवल नाही. बहुतेक वेळा हा प्रतिनिधी गावातलाच मुलगा असतो, भावकीतला असतो. संस्था बुडते तेव्हा त्याचीही ठेव तीत अडकलेली असते आणि शिव्याही त्यालाच खाव्या लागतात.

सुरक्षित वाटा नाहीत असे नव्हे. साठी ओलांडलेल्यांसाठी २००४ पासून पोस्टात आणि बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के आणि मर्यादा तीस लाख रुपये करण्यात आली. तेरा आणि ८.२ यांतील अंतर पाच टक्क्यांहूनही कमी, आणि त्या अंतरापायी सरकारची हमी सोडून द्यावयाची! ज्याचे वय बसत नाही त्याला पोस्टाची मासिक प्राप्ती योजना आहे. मोबदल्याची रक्कम मोठी असेल तर ती दोन-तीन बँकांत, प्रत्येकी पाच लाखांच्या आत विभागता येते; मुदतीही अशा लावता येतात की पेरणीच्या तोंडावर एखादी ठेव मोकळी व्हावी आणि बियाण्यासाठी दुसऱ्याच्या दारी उचल मागण्याची वेळ येऊ नये.

ज्यांची रक्कम आधीच अडकली आहे त्यांच्यासाठी राज्यात १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे. त्याखाली संचालकांची मालमत्ता जप्त होते, विशेष न्यायालयाच्या संमतीने तिचा लिलाव होतो आणि आलेला पैसा ठेवीदारांत प्रमाणशीर वाटला जातो. हे काम वर्षानुवर्षे चालते. तोवर मूळ पावत्या, पासबुके आणि पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत जपून ठेवावी लागते. आणि ठेवीदार हयात नसेल, तर वारसाचा दाखलाही.