भूगर्भातील तेलाचा अदमास

काटोलच्या परिसरात संत्र्याचा बहार झाडावर असतानाच बागेचा सौदा होतो. जुन्या बागेचे मागील उत्पन्न व्यापाऱ्याला ठाऊक असते. जिने अजून फळच धरलेले नाही, तिच्याविषयी शेजारच्या बागेवरून बोलावे लागते. दोन्ही आकडे रुपयांतच असतात, पण त्यांचा भरवसा सारखा नसतो. खनिज तेलाच्या आकड्यांबाबत मात्र हा विवेक आपल्याकडे क्वचितच आढळतो.

देशातील गाळाच्या खडकांच्या २६ खोऱ्यांत तेल व वायू मिळून ४१.८७ अब्ज टन संपत्ती असल्याचे २०१७ च्या फेरमूल्यांकनात सांगण्यात आले. पूर्वीचा आकडा २८.१ अब्ज टनांचा होता. पण तो १५ खोऱ्यांपुरता. म्हणजे वाढीचा काही भाग अधिक खोरी मोजल्याचा आहे. शिवाय ही भूगर्भातील एकूण संपत्ती. तीत अद्याप न सापडलेलेही आले, आणि सापडलेले सर्वच वर काढता येते असेही नाही. तिला 'साठा' म्हणणे ही शुद्ध दिशाभूल होय.

मुंबई हायची गोष्ट निराळी. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ने तेथे तेल शोधले, १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. अशा क्षेत्रात विहिरींचा दाब आणि उत्पादनाची उतरण यांवरून उरलेल्या तेलाचा हिशेब मांडता येतो. अमेरिकेत हबर्ट यांनी १९५६ साली उत्पादनाच्या आलेखावरूनच १९६५ ते १९७० च्या सुमारास कळस येईल असे भाकीत केले, आणि १९७० साली तो आला. त्याच देशात झॅप यांनी, खोदाईच्या पुढील प्रत्येक फुटामागे पूर्वीइतकेच तेल मिळेल असे गृहीत धरून ५९० अब्ज पिंपांचा आकडा काढला होता. मोठी क्षेत्रे आधी सापडतात, ही साधी गोष्ट त्यात निसटली. अर्थात हबर्ट यांची पद्धतही सर्वकाळ पुरली नाही. शेल खडकातील तेल काढण्याचे तंत्र आले आणि २०१८ साली अमेरिकेने १९७० चा कळस ओलांडला.

काटोलच्या मातीखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. पूर्वेस कामठी-उमरेडकडे कोळसा देणारे गोंडवन थर दिसतात. तसे थर पाषाणाखाली कोठवर गेले, हा खरा प्रश्न. दख्खनचे खोरे तिसऱ्या, केवळ संभाव्य संपत्तीच्या वर्गात मोडते. येथे उत्पादनाचा आलेखच नाही. शेजारचे खंबातचे खोरे तुलनेला घ्यावे, तर तेथील तेल मुख्यतः या पाषाणाच्या वरच्या थरांत आहे. येथे ते शोधायचे पाषाणाखाली. अंतराने जवळचे खोरे भूशास्त्रदृष्ट्या जवळचे असतेच असे नाही.

मग उरते ती शक्यतांची पद्धत. तेल जन्मास घालणारा खडक, ते पक्व करणारी उष्णता, साठवणारा सच्छिद्र थर आणि अडवून धरणारे झाकण, ही चारही हवीत. प्रत्येकाची शक्यता निम्मी धरली, तर चारही एकत्र जुळण्याची शक्यता सोळांत एक. भूकंपलहरी या कठीण पाषाणात विखुरतात, म्हणून गुरुत्व व भूविद्युत-चुंबकीय मोजणीची जोड द्यावी लागते. तरीही पाषाण भेदून खाली गेलेल्या पुरेशा विहिरींवाचून या खोऱ्याचा एकच आकडा छापणे योग्य नव्हे. किमान, कमाल आणि तेल मुळीच नसण्याची शक्यता, ही तिन्ही शेजारी छापावीत. सार्वजनिक पैशातून पुढची विहीर खोदायची की नाही, हे ठरवायचे आहे ते त्यांवरूनच.