रशियात एमबीबीएसला जाताय? आधी ही ३३ अक्षरं शिका

‘शिकवणं इंग्रजीत, रशियन कशाला?’ असं एजंट म्हणतो आणि घरचेही मान डोलावतात. भारतात नोंदणीसाठी शिक्षण इंग्रजी माध्यमातूनच लागतं, हे खरं. पण पुढं वॉर्डात गेल्यावर खाटेवरची आजी रशियनच बोलते. कुठं दुखतंय, हे तिला विचारायचं कसं?

म्हणून तिथं पहिल्या वर्षापासूनच रशियनचे तास असतात. सुरुवात ३३ अक्षरांनी. इथं इंग्रजीची सवय नडते. ‘पी’सारखं दिसणारं अक्षर ‘र’ असतं, ‘एच’सारखं ‘न’, ‘सी’सारखं ‘स’. ‘रेस्तरान’ची पाटी नवखं पोरगं ‘पेक्टोपाह’ अशी वाचतं! अक्षरं लवकर बसतात. खरा घाम काढतात त्या विभक्ती. सहा आहेत आणि नामाचा शेवट बदलत राहतो. पण घर, घराला, घरात म्हणणाऱ्या मराठी पोरांना हे अगदीच परकं नाही. लिंगंही आपल्यासारखीच तीन. ‘आहे’ तर बहुतेक वेळा लागतच नाही: ‘एता दोम’ म्हणजे ‘हे घर आहे’.

निघण्याआधी शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात रशियन शिकवतात. तोवर आजीसाठी एक वाक्य पाठ करून ठेवा. ‘श्तो उ वास बलीत?’ म्हणजे, तुमचं काय दुखतंय?