थोराड हाडापेराचे शिकारी कुत्रे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्रेहाउंडच्या वेगाला बुलडॉगच्या पकडीची जोड मिळाली की शिकाऱ्याच्या हाती सर्वगुणसंपन्न जनावर येते, हा समज इंग्लंडात निदान दोन-अडीचशे वर्षे रूढ आहे, आणि तो दृढ होण्यास एका उमरावाचा प्रयोग बऱ्याच अंशी कारणीभूत झाला आहे. ऑर्फर्डचा तिसरा अर्ल जॉर्ज वॉलपोल, ज्याने १७७६ साली नॉरफोक परगण्यातील स्वॉफम येथे सशांमागे कुत्रे सोडण्याच्या शर्यतींची मंडळी स्थापन केली, त्याला आपल्या ग्रेहाउंडांत चपळाई दिसे पण जिद्द उणी वाटे. म्हणून त्याने त्यांत बुलडॉगचे रक्त मिसळले, आणि या जातीच्या संकराने ग्रेहाउंडांच्या धैर्यावर व हट्टावर अनेक पिढ्यांपर्यंत परिणाम केल्याचा दाखला पुढे डार्विननेही १८५९ च्या आपल्या विख्यात ग्रंथात नमूद केला. या हकीकतीतील जो भाग सहसा गाळला जातो तो असा, की ऑर्फर्ड पहिल्या संकरावर थांबला नाही. त्याने पुढच्या प्रत्येक पिढीचा संयोग पुन्हा ग्रेहाउंडाशीच घडवला, आणि सहाव्या-सातव्या पिढीस जे कुत्रे निपजले त्यांत बुलडॉगची अंगलट म्हणून काही उरली नव्हती, स्वभाव तेवढा उरला होता, असे जुने ग्रंथकार सांगतात. म्हणजे ज्याच्या नावाचा हवाला देऊन आजचे हौशी लोक रुंद छातीचे, जाड मानेचे ‘बुल-लर्चर’ पैदा करतात, त्या गृहस्थाने तीच रुंद छाती मोठ्या चिकाटीने घालवून टाकली होती.

ग्रेहाउंड किंवा तत्सम, डोळ्यांनी हेरून धावणाऱ्या कुत्र्याचा मेंढपाळी कुत्र्याशी अगर टेरियरशी संकर झाला म्हणजे लर्चर होतो, आणि त्यात बुल टेरियरसारख्याचे रक्त आले की तो बुल-लर्चर. ‘खाण तशी माती’ या न्यायाने पिल्लात आईचे पाय आणि बापाचा जबडा उतरेल असा खरेदीदाराचा हिशेब असतो. पण निसर्गाच्या दप्तरी अशी निवडीची मुभा नाही. पहिल्या संकराची पिल्ले बहुधा एकमेकांसारखी, दोन्ही पक्षांच्या मधली निघतात. तीच संकरित नर-मादी पुढे एकत्र आणली की एकाच वेतात एक पिल्लू सडपातळ व भित्रे, दुसरे जड व मंद, असे सगळे विसंगत नमुने हजर होतात. संकराने प्रकृती सुधारते हे म्हणणेही याच मर्यादेत खरे आहे: पहिल्या पिढीला तो लाभ मिळतो, पुढे तो ओसरतो, आणि जो दोष दोन्ही घराण्यांत मुळातच आहे तो संकराने कसा जाणार? खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा जो प्राणघातक विकार आढळतो, तो खोल छातीच्या संकरालाही चुकत नाही.

वजनाविषयीचा भ्रम सर्वांत मोठा. शर्यतीचा ग्रेहाउंड साधारण तीस किलो वजनाचा असतो, आणि थोड्या अंतरात तो ताशी साठ-पासष्ट किलोमीटरचा वेग गाठतो, याचे रहस्य पायांइतकेच पाठीत आहे; धावताना त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो, आणि प्रत्येक ढांगेत चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटलेले असतात. खांद्यावर व मानेवर मांस चढले की ही लवचीक हालचाल आखडते, वळण घेताना मनगटावर व बोटांवर पडणारा भार वाढतो, आणि तापलेले अंग निववणे जड जाते, कारण शरीर मोठे होताना वजन ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात त्वचेचे क्षेत्र वाढत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकून आणि नाकातील ओलसर पडद्यांवरून हवा खेळवून निवतो. बुलडॉगचे नाक मागे बसलेले असते ते सावज धरून असतानाही त्याला श्वास घेता यावा म्हणून, असे स्पष्टीकरण पुस्तकांतून मोठ्या ऐटीत दिलेले आढळते. वस्तुतः तोंड आखूड झाले की श्वासमार्गही अरुंद होतो, आणि ज्या कुत्र्याने तोंडात सावज धरले आहे त्याला धापाही नीट टाकता येत नाहीत. जबड्याला कुलूप लागते ही तर निव्वळ दंतकथा: कोणत्याही कुत्र्याच्या जबड्यात तशी कळ नाही, आहेत ते बळकट स्नायू आणि न सोडण्याचा हेका.

तरीही जडपणाला काही गुण नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रेहाउंडची कातडी इतकी पातळ की काटेरी तारेला नुसते घासले तरी ती फाटते. बुल रक्ताने ती जाड होते, मान भरते, आणि आघात सोसून उभे राहण्याची ताकद येते. ऑस्ट्रेलियात रानटी झालेल्या डुकरांच्या शिकारीत हलके कुत्रे माग काढून सावज अडवतात आणि थोराड कुत्रा अखेरच्या काही पावलांसाठी राखून ठेवतात. तेवढ्या अंतरात त्याच्या वजनाचे सोने होते. मात्र तो सुळ्यांसमोर सरळ घुसतो, माघार घेत नाही, म्हणून त्याला जाड गळपट्टा व छातीचे चिलखत चढवावे लागते. ज्याला आपण धैर्य म्हणतो त्याचा खर्च कुत्र्याच्या अंगावर पडतो.

भारी कुत्रा म्हणजे फाडून खाणारा कुत्रा, या समजुतीला इंग्लंडातील शिकार-राखणदारांचा ‘रात्रीचा कुत्रा’ हे चोख उत्तर आहे. मास्टिफ व बुलडॉग यांच्या संकराचा हा कुत्रा चोरट्या शिकाऱ्याला पाडून धरून ठेवण्यासाठी होता, चावण्यासाठी नव्हे. १९०१ साली एका प्रदर्शनात बर्टन नावाच्या गृहस्थाने आपल्या अशा कुत्र्याला मुसके बांधून, त्याच्यापासून निसटून दाखवील त्याला एक पौंड बक्षीस लावले, आणि पुढे आलेल्या धाडसी इसमाला त्या मुसके बांधलेल्या जनावराने पुनःपुन्हा जमिनीवर लोळवले. याच घराण्यातून स्थिर झालेल्या बुलमास्टिफला १९२४ साली केनेल क्लबने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

कायद्याच्या बाबतीतला गैरसमज थोडक्यात सांगण्यासारखा आहे. फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंडात व वेल्समध्ये कुत्रे सोडून हरणांची अगर रानसशांची शिकार करणे गुन्हा आहे, मात्र छोट्या सशांना व उंदरांना ही बंदी लागू नाही. म्हणजे थोराड कुत्र्याचे जे जन्मसिद्ध काम तेच बेकायदा, आणि जे कायदेशीर उरले त्याला हलका लर्चरच बरा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर कुत्रे घालून केलेल्या शिकारीला वावच नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जातींचे व त्यांच्या संकराचे कुत्रे घातक मानून त्यांची आयात, पैदास व विक्री रोखण्याविषयी परिपत्रक काढले होते. तो हुकूम अद्याप जारी आहे असे पुष्कळांना वाटते, पण कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात रद्द ठरवले.

असा कुत्रा ज्याच्या दारी आहे त्याने एक गोष्ट जनावरांच्या डॉक्टरांच्या कानी अवश्य घालावी. ग्रेहाउंडाच्या अंगात चरबी अत्यल्प, आणि थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधाचा निचरा त्याच्या यकृतात फार सावकाश होतो, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर तो तासन्‌तास गुंगीत राहतो. संकराचा बाह्य आकार कितीही बुलडॉगसारखा दिसला तरी हा गुणधर्म त्यात उतरलेला असू शकतो, आणि तो वरून पाहून कळत नाही.