पोटातला राखणदार पदर

आपल्या पोटात आतड्यांच्या पुढ्यात चरबीचा एक पातळ पदर असतो. त्याला ओमेंटम म्हणतात. जठराच्या कडेपासून तो खाली लोंबतो आणि पोटात कुठे सूज आली, जंतू घुसले, की तिथे जाऊन चिकटतो. मोठ्या माणसाचं अपेंडिक्स फुटलं तर पुष्कळदा हाच पदर ते गुंडाळून धरतो आणि पू पोटभर पसरू देत नाही.

लहान मुलांचा हा पदर आखूड आणि विरळ असतो. शिवाय आधी बेंबीभोवती दुखत होतं, आता उजवीकडे खाली दुखतंय, हे चिमुरड्याला नीट सांगता येत नाही. उलट्या, ताप, जुलाब पाहून घरच्यांना वाटतं, पोट बिघडलं. तोवर आत अनेकदा वाळलेल्या मळाच्या खड्याने अपेंडिक्सचं तोंड बंद झालेलं असतं, दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो आणि भिंत सडते. त्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलांत निदान होईपर्यंत अपेंडिक्स बहुधा फुटलेलंच असतं.

अपेंडिक्स काढण्याची पहिली नोंदलेली यशस्वी शस्त्रक्रियाही एका मुलावरचीच! १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अमियांड यांनी ११ वर्षांच्या मुलाचा हर्निया उघडला, तर आत अपेंडिक्स, आणि त्याला भोक पाडणारी, मुलाने गिळलेली टाचणी. ईथरची भूल आली १८४६ मध्ये. म्हणजे त्या पोराने हे सगळं जागेपणी सोसलं. आणि तो वाचला!

आज पू पोटात पसरला असेल तर सलाइन आणि अँटिबायोटिक्स देऊन मुलाला सावरतात आणि बहुधा दुर्बिणीतून लहान छिद्रांवाटे अपेंडिक्स काढतात. पण काही दिवस उलटून गेले असतील आणि पदर व आतडी चिकटून गोळा झाला असेल, तर सर्जन अनेकदा हात आवरतात. तो गोळा सोडवू गेलं तर चांगल्या आतड्यालाच इजा व्हायची. पू साठला असेल तर सोनोग्राफीत पाहत बारीक नळीने काढतात, अँटिबायोटिक्स चालू ठेवतात. अपेंडिक्स काढायचं ठरलं तर सहा-आठ आठवड्यांनी. शरीराने घातलेला बांध टिकू द्यायचा, हेही उपचारच!

एक गोष्ट आईबापांनी ध्यानात ठेवावी. अपेंडिक्स फुटताच आतला दाब उतरतो आणि कळ काही वेळ थांबूही शकते. पोट दुखायचं थांबलं, पण मूल मलूल आहे, ताप चढतोय, हात लावू देत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.