पिवळ्या सुया आणि माझी चीड

ऑक्टोबर लागला की माझ्या व्हॉट्सॲपवर एकाच झाडाचे फोटो यायला लागतात. बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या आमच्या मराठी मंडळींनी मागच्या अंगणात हौसेने लावलेला व्हाइट पाइन, आतून पिवळाधमक. खाली मजकूर ठरलेला : "अहो, हे झाड गेलं का हो? सदाहरित म्हणून आणलं होतं ना!"

गेलेलं नाही. दरवर्षी एकेकाला सांगतो, यंदा लिहूनच टाकतो.

सदाहरित झाडाची पानं गळतच नाहीत, अशी समजूत कुणी करून दिली कोण जाणे. सदाहरित झाड एकदम सगळं निष्पर्ण होत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. कोकणातला फणस सदाहरितच की. मग आजीला रोज सकाळी अंगणात खराटा का मारावा लागायचा? पाइनच्या सुईलाही ठरावीक आयुष्य असतं. कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या ब्रिसलकोन पाइनच्या सुया तीस-तीस वर्षं झाडावर राहतात. इथल्या ईस्टर्न व्हाइट पाइनची सुई साधारण दोन मोसम टिकते आणि दुसऱ्या मोसमाच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, जुन्या सुया थोड्या दिवसांत एकदम पिवळ्या पडून गळतात. म्हणजे झाडावरच्या जवळजवळ निम्म्या. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच.

म्हणून फोटो काढण्याआधी एक फांदी हातात घ्या. सुया पाच-पाचच्या जुडग्यात दिसतील. पूर्व अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही स्थानिक पाइनला पाचाचं जुडगं नसतं. आता टोकापासून मागे या. जिथे बारक्या फांद्या चक्रासारख्या चहूबाजूंनी फुटल्यात, तिथपर्यंतची वाढ यंदाची. तिथल्या सुया निळसर हिरव्या. त्या चक्राच्या मागची वाढ गेल्या वर्षीची, आणि पिवळं जे काही आहे ते तिथे. हद्द अशी की पट्टीने आखावी. पिवळेपणा आतल्या बाजूला, झाडाच्या सगळ्या अंगांनी सारखा, टोकं हिरवी, महिना ऑक्टोबर : घरात जा आणि चहा करा.

एका परिचितांनी एवढं बघितलं नाही. मला विचारण्याआधी त्यांनी एका बागकामवाल्याला बोलावलं. आधी खत झालं, मग औषध, मग करवत. मी पोचलो तेव्हा फांद्या हिरवळीवर पडल्या होत्या, टोकं हिरवीगार, बुंध्यातून चीक येत होता. हिमालयाकडे पाइनला चीड म्हणतात. त्या दिवशी मला त्या शब्दाचा मराठी अर्थच आठवला.

काळजीचं कारण कधीच नसतं, असंही नाही. टोकाच्या नव्या सुया तपकिरी पडल्या तर जाणकाराला दाखवा. गेल्या वर्षीच्या सुया मे-जूनमध्येच पिवळ्या पडून गळायला लागल्या, तर तो बहुधा बुरशीचा प्रताप. ओल्या वसंतानंतर तो बळावतो, आणि 2010 पासून न्यू इंग्लंडमध्ये त्याचा मोठा उपद्रव असल्याची नोंद यूएस फॉरेस्ट सर्व्हिसने आणि इथल्या विद्यापीठांनी केली आहे. तेव्हा फोटोआधी मला महिना सांगा.

पाइनमुळे जमीन आंबट होते, ही दुसरी आवडती कथा. ताज्या गळलेल्या सुईचा सामू 3.2 ते 3.8 असतो, हे खरं. पण कुजताना सूक्ष्मजीव तो आंबटपणा संपवतात. जमीन आम्लधर्मी होत नाही, असं न्यू हॅम्पशायर विद्यापीठाची विस्तार सेवा स्वच्छ सांगते. पाइनखाली गवत येत नाही ते दाट सावलीमुळे आणि वरच्या थरात पसरलेल्या मुळांमुळे.

शेजाऱ्यांपासून कायमचा आडोसा? पहिली काही वर्षं. मग उजेड न मिळालेल्या खालच्या फांद्या झडतात आणि शेजारी पुन्हा दिसू लागतात; अंगणातसुद्धा हे झाड 50 ते 80 फूट जातं. रस्त्याच्या कडेला लावू नका, बर्फावर टाकलेलं मीठ त्याला सोसत नाही. फांदी हवी तिथून कापली तरी फुटेल, हेही चूक : सुया नसलेल्या जुन्या लाकडाला पाइन पुन्हा पालवी फोडत नाही. आकार हवा तर वसंतात टोकाला येणारा मेणबत्तीसारखा नवा कोवळा कोंब अर्धा खुडायचा. आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी : दापोली-अलिबागच्या किनाऱ्यावरचा सुरू पाइन नव्हे. ते फुलझाड आहे, आणि त्याच्या 'सुया' म्हणजे बारीक फांद्या. पुण्याच्या रोपवाटिकेतला कुंडीतला ख्रिसमस ट्री बहुधा अराउकेरिया, दक्षिण गोलार्धातला.

राहिला गळलेल्या सुयांचा प्रश्न. लोक त्या गोळा करून कचऱ्यात देतात आणि वसंतात आच्छादन विकत आणतात. मी माझ्या ब्लूबेरीखाली चार बोटं थर पसरतो. एका झाडाच्या सुया पुरत नाहीत, म्हणून हल्ली घाबरलेला फोन आला की मी पोतं घेऊनच जातो.